पहिल्या दिवशीची पत्रं

४ मार्च
पोचले. बोटीवर दोन दिवस पोटात पाणी ठरलं नाही, पण धक्क्यावर मिशनची गाडी उभी होती आणि आपली भाषा बोलणारी माणसं. दवाखान्याचे दंतवैद्य म्हणाले, समुद्र ओलांडून आलात आणि भेटलं कोण, तर आम्हीच. मी खूप दिवसांनी हसले.
मिशन आपल्याच चर्चच्या मंडळ्यांनी चालवलेलं आहे. पुढे दवाखाना, बाजूला चॅपल, मागे राहायच्या खोल्या. माझी धाकटी बहीण इथे नर्स होती. सहा महिने दर पहिल्या रविवारी तिचं पत्र मंडळीत वाचलं जायचं आणि सगळे आमेन म्हणायचे. सातव्या महिन्यात फोन आला. तापाचं निमित्त झालं, धाकटी प्रभूत निजली. तिची राहिलेली सेवा मी पुरी करावी असं पाळकसाहेबांनी सुचवलं. मलाही तेच वाटत होतं. औषधाच्या दुकानात माझी एकोणीस वर्षं गेली, म्हणून इथेही औषधखोलीच मिळाली. खिडकीतून तिची कबर दिसते. पांढरा, स्वच्छ क्रूस आहे. बरं वाटलं.

५ मार्च
इथे एक रीत आहे. आल्याबरोबर घरची बारा पत्रं लिहून मेट्रनबाईंकडे द्यायची. त्या दरमहा एक धाडतात. पुढे कामात लिहिणं होत नाही आणि घरचे घोर लावून घेतात, म्हणून अंगात उत्साह आहे तोवरच लिहायची. तारीख घालायची नाही. दंतवैद्य म्हणाले, दहाव्या महिन्यात मी फार सुखात असणार आहे, तसं लिहूनच ठेवलंय.
म्हणजे धाकटीचीही पत्रं पहिल्याच दिवशीची होती. मनाला लागलं थोडं. पण अक्षर तर तिचंच होतं. मी बाराही लिहिली, आईला आवडतील अशी.

१२ मार्च
कामात दिवस जातो. सकाळी वॉर्डाच्या गोळ्या, मग मलमं. अकराला मागच्या खोलीतल्या तीन खाटांची गुंगीची इंजेक्शनं भरायची आणि ट्रेमध्ये ठेवायची. ती मेट्रनबाई स्वतः घेऊन जातात. तिथे डोक्यावर परिणाम झालेले जुने रोगी आहेत, नवख्यांनी जायचं नसतं. खाट तीनची मात्रा सगळ्यांत मोठी. फार दंगा करते ती, असं मेट्रनबाई म्हणाल्या. मी सुई तपासते, हवा काढते, वर चिठ्ठी लावते. कामात कसूर नको.

२१ मार्च
धाकटीच्या कबरीपाशी रोप लावत होते. खुरपं आत जाईना. माळीकाका म्हणाले, जोर लावा, इथल्या जमिनीला कधी कुदळ लागलेली नाही. मी म्हटलं, असं कसं, तिला इथेच पुरलंय ना? त्यांनी हातातली माती झटकली. मग म्हणाले, "मला नुसता क्रूस रोवायला सांगितला होता, बाई."

२२ मार्च
औषधखोलीची नोंदवही मागे चाळली. औषध नेताना नर्सने सही करायची असते. धाकटीची शेवटची सही ती इथे आल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यातली, नऊ तारखेची. दहा तारखेपासून नवीन नोंद सुरू होते. खाट तीन. रोज. एकही दिवस चुकलेला नाही. शेवटच्या पानांवर अक्षर माझं आहे.
तिने सहाच पत्रं लिहिली असणार. लिहायचा तिला लहानपणापासून कंटाळा.
पत्रं संपली आणि फोन आला.

२३ मार्च
दुपारच्या प्रार्थनेला सगळे चॅपलमध्ये. मी मागे गेले. दाराला नुसती कडी.
तीच. केस कापलेले. मनगटं खाटेला बांधलेली. दंडावर सुयांच्या खुणा. त्यांतल्या शेवटच्या एकोणीस —
मी भरलेल्या.

२४ मार्च
चेहरा सांभाळून मेट्रनबाईंना विचारलं, आजारपणात धाकटीची पत्रं कोण लिहीत होतं. त्या म्हणाल्या, "सगळी तिच्याच हातची. आम्ही एक अक्षर खोटं लिहिलं नाही, ताई." मग आपणहून मागच्या खोलीबद्दल सांगत राहिल्या. इथल्या तापातून उठलेली काही माणसं देवाला शिव्या देतात, रोग्यांसमोर, मोठ्यानं. अशांना घरी धाडलं तर मंडळीचा विश्वास ढासळेल. झोपलेल्या माणसाच्या हातून निदान पाप घडत नाही.
मला वाटलं होतं, ही बाई दुष्ट असेल. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

२६ मार्च
खाट तीनच्या इंजेक्शनात काल आणि आज पाणी भरलं. चिठ्ठी नेहमीचीच.

२७ मार्च
डोळे उघडे होते. ओळखलं. ताई म्हणाली. पहिलं काय विचारावं तिने — तू किती पत्रं लिहिलीस.
बारा म्हटलं. तिने तोंड फिरवलं.

२८ मार्च
घरी कुणी वाट बघणार नाही. वर्षभर मी सुखात आहे.
दंतवैद्यांना सांगितलं. ते चकित झाले नाहीत. कधीपासून ठाऊक आहे, ते मी विचारलं नाही. उद्या प्रार्थनेच्या वेळी ते गाडी घेऊन धक्क्यावर जाणार. दोघींना नेतील. पण फाटकाशी ती ओरडली तर तिघंही त्या खोलीत जाऊ, म्हणाले. गप्प ठेवता येईल का, एवढंच विचारलं. येईल म्हटलं.

२९ मार्च, दुपार
औषधखोलीत दोघी. चॅपलमध्ये गाणं चालू. ती माझ्या अंगावर रेललेली, पायांत जोर नाही —
गाडी अजून नाही.
ती पुटपुटायला लागली. आधी देवाला. मग पाळकसाहेबांना, आईला, मला. तुम्ही आमेन म्हणत होतात, म्हणते. म्हणत होतो —
आवाज चढतोय. तोंडावर हात धरला, चावली.
गाणं थांबलं.
एक इंजेक्शन भरून ठेवलंय. त्यात पाणी नाही. फक्त फाटकापर्यंत — फक्त तेवढंच —
सुई बघितली आणि गप्प झाली. आपणहून दंड पुढे केला. सवयीनं. नको, मागे घे, म्हणतेय मी, घे ना मागे — ऐकत नाही — दाराशी पावलं थांबलीत, आणि मी