हवेतली पाटी

३ फेब्रुवारी, मंगळवार

नर्सबाईंनी ही वही ठकीच्या दुधाच्या वेळा लिहायला दिली होती. त्या काय लिहायच्या? ती ओरडते तेव्हा दूध. वही कोरी पडून होती, म्हणून आजपासून कामाचं लिहिणार. रोज.

हे सकाळी ट्रक घेऊन गेले. आता एकदम अठरा तारखेला उगवतील. जाताना मागच्या खोलीतलं मशीन माझ्या ताब्यात दिलं. कॉम्प्युटरवर चालतं आणि लाकडावर आपोआप अक्षरं कोरतं. यांच्या मित्राने दुकान बंद केलं, त्याच्याकडून आणलं. रविवारी यांनी मला सगळं शिकवलं. अक्षरांची फाइल यांनीच करून ठेवलीय. मी फक्त फळी लावायची, बिट खाली आणायचं आणि स्टार्ट दाबायचं. बिट म्हणजे मशीनची गरगर फिरणारी दाढ. सातवी पास बाईला हे काय जड आहे.

ठरलंय ते असं. पहिली ऑर्डर गल्लीच्या टोकाच्या पाळणाघरवाल्या काकूंची. त्यांना दारावर लाकडी पाटी पाहिजे. ती नीट झाली तर मी घरी राहून पाट्याच करणार. नाही झाली तर सोळा तारखेला लाँड्रीत परत हजर, हॉटेलच्या चादरींना इस्त्री करायला, आणि ठकी दिवसभर त्याच काकूंकडे. ठकी माझ्याशिवाय राहूच शकत नाही. त्यामुळे पाटी होणार म्हणजे होणार.

भीती वगैरे काही नाही. मिक्सरला कोण घाबरतं?

उद्या सकाळी पाटी.

४ फेब्रुवारी, बुधवार

पाटी झाली नाही, पण तयारी जबरदस्त झाली. खोली झाडली. मशीन पुसलं. मशीनवर एक पिवळं चित्र चिकटवलंय. त्यात एक हात आहे, त्याला चार बोटं, आणि पाचवं बाजूला उडतंय. असली चित्रं लावतात कशाला, माणसाचं कामातलं मन उडतं. त्यावर ठकीचा बदकाचा स्टिकर लावला. आता प्रसन्न वाटतं.

ठकी झोपली होती तेव्हा आवाज नको म्हणून मशीन लावलं नाही. ठकी उठली तेव्हा तिला सोडून कसं लावणार, म्हणून लावलं नाही. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, मी घेते तिला. म्हटलं, ती तुमच्याकडे राहायची नाही. म्हणाल्या, अगं, ती आत्ता माझ्याचकडे आहे.

होती. पण मी समोर होते म्हणून.

६ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपार

मशीन चालवलं.

हे सांगून गेलेत की लाकडाला लावण्याआधी बिट वर उचलून ठेव आणि एकदा हवेतच चालवून बघ, मोटर बंद ठेवून. म्हणजे दाढ फिरत नाही, नुसती फळीच्या वर अक्षरं गिरवते. आणि काय गिरवते. ‘प’चं पोट, ‘ळ’चे दोन डोळे, वरची आडवी दांडी अगदी पट्टीने आखल्यासारखी. शाळेत माझी दांडी नेहमी शेवटी घसरायची. मशीन थांबलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. फळीवर साधा ओरखडा नाही. इतकं स्वच्छ काम कोण करतं.

आई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, भुंगा नुसताच घिरट्या घालतोय, बसत का नाही? तेव्हापासून मशीनचं नाव भुंगा.

लगेच लाकडाला लावणार होते. पण पहिल्याच दिवशी मशीनला ताण देऊ नये.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दोनदा हवेत. दुपारी मोटर सुरू करून हवेत. आवाज म्हणजे दातांचे शंभर डॉक्टर एकदम कामाला लागल्यासारखा. मी बाहेर आले. घाबरून नाही, ठकी घाबरली असेल म्हणून. ठकी आईंच्या मांडीवर बसून हसत होती. लहान मुलं भीतीनेसुद्धा हसतात, मी ऐकलंय कुठेतरी.

संध्याकाळी काकू आल्या, पाटी कुठवर आली बघायला. त्यांना भुंगा चालवून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं, मग चष्मा लावून फळीवर हात फिरवला. म्हणाल्या, अगं, यावर तर काहीच नाही. म्हटलं, ही तालीम आहे काकू. म्हणाल्या, मग नाटक कधी आहे?

वर त्यांना अक्षरं लहान वाटली. वळणावरून दिसायला पाहिजेत म्हणे.

ठकी त्यांच्याकडे झेपावली. तिला अजून माणसांची पारख नाही. काकू वाईट नाहीत, पण त्यांच्याकडे आधीच मुलांचा बाजार भरलेला असतो. त्यात माझ्या ठकीकडे कोण बघणार.

९ फेब्रुवारी, सोमवार

यांचा फोन. झाली का पाटी? म्हटलं, रोज होतेय. म्हणाले, रोज? म्हटलं, आज तर दोनदा झाली. फार खूश झाले. मी खोटं काही बोलले नाही. कशावर झाली ते त्यांनी विचारलं नाही.

अक्षरं मोठी केली. त्यासाठी यांची वाट कशाला बघायची? माउसने कोपरा धरायचा आणि ओढायचा. ओढत गेले. आता वरची दांडी फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, दोन्हीकडून थोडी बाहेरच. घसघशीत दिसतंय. यांनी कडेने केवढी जागा मोकळी सोडली होती. हा माणूस ट्रकसुद्धा असाच लावतो, दोन ट्रकची जागा अडवून.

११ फेब्रुवारी, बुधवार

लाँड्रीतल्या मुकादमबाईंचा फोन. सोमवारी येतेस, की दुसरी बघू? म्हटलं, माझा आता स्वतःचा धंदा आहे, शनिवारी कळवते. म्हणाल्या, कसला? म्हटलं, पाट्यांचा. म्हणाल्या, त्या तर तू इथेही टाकत होतीस.

जळतात बायका. दुसरं काय.

मला मोकळा वेळ मिळावा म्हणून आई ठकीला घेऊन शेजारच्या शिवणवाल्या मावशींकडे गेल्या. मोकळा वेळ कुठला मिळतोय. ठकी रडत असेल म्हणून मलाच सारखं शेजारी जावं लागलं. पहिल्यांदा गेले तर झोपलेली. नंतर गेले तर रिकाम्या रिळांशी खेळत होती. माझ्याकडे बघितलं आणि परत रिळाकडे. त्यानंतर गेले तर आईंनी दारच उघडलं नाही. आतून म्हणाल्या, भुंग्याकडे जा.

मुलगी अशी गळ्यात पडलेली असताना बाईने धंदा कधी करायचा?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शोध लागला. इतके दिवस काम अडलं ते माझ्यामुळे नाही, लाकडामुळे. यांनी ठेवलेली फळी चांगली दोन बोटं जाड आहे. जाड लाकूड म्हणजे जास्त आवाज, जास्त भुसा. साधी गोष्ट. सुतारदादांकडून पातळ फळी मागून आणली, कपाटाच्या पाठीला ठोकतात तसली. सुतारदादा म्हणाले, वहिनी, कोरायचं किती खोल आहे? म्हटलं, ते मशीनला माहीत असतं.

उद्या नक्की. मुकादमबाईंना नाही कसं सांगायचं तेही ठरवून ठेवलं. सौम्यपणे सांगायचं. त्यांना वाईट वाटू द्यायचं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कोरलं.

नीट लिहिते. ठकीला आईंकडे दिलं. पातळ फळी चारी कोपऱ्यांना क्लॅम्पने आवळली. बिट खाली आणलं. मग दारात उभी राहिले आणि झाडूच्या दांड्याने स्टार्टचं बटण दाबलं. लांबून दाबलं की नेम बरोबर लागतो. तिसऱ्यांदा लागला. दांडा थरथरत होता, झाडू जड आहे आमचा.

भुंगा बसला. हवेत असताना तो गायचा, आता लाकडात तोंड खुपसून गुरगुरायला लागला. भुसा उडाला. कुणीतरी दूध उतू घालवावं तसा वास आला. मी बाहेर पायरीवर जाऊन देखरेख केली, कान झाकून. मध्येच आईंचं तोंड हलताना दिसलं. म्हटलं, कौतुक करतायत. नंतर कळलं, बंद कर म्हणत होत्या.

आवाज थांबल्यावर आत गेले.

अक्षरं आरपार गेलीत. वरची दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली होती ना, बरोबर तिथून फळी वेगळी झाली. वर एक पट्टी. खाली एक मोडक्या दातांचा कंगवा. ‘प’चं पोट, ‘घ’चं पोट, ‘ळ’चे डोळे, सगळं भुशात सांडलेलं. फाइलमध्ये खोली यांच्या जाड फळीची होती, आणि फळी बदललीय ते मशीनला माहीत नव्हतं.

पण खालच्या टेबलावर ‘पाळणाघर’ इतकं सुरेख उमटलंय. दांडी सरळ, पोटं गोल, सगळे डोळे जागेवर. म्हणजे पाटी झाली असं म्हणायला हरकत नाही. फक्त ती टेबलावर आहे, आणि टेबल मशीनला बसवलेलं आहे.

आईंनी बघितलं. म्हणाल्या, चहा टाकते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

काकू आल्या. कंगवा बघितला. टेबलापाशी थांबल्या. म्हणाल्या, अक्षर मात्र छान आहे हो. म्हटलं, टेबल सोडवून दारावर लावता आलं तर? म्हणाल्या, नको गं, मग पोरं आत कुठून येणार. राहू दे. मी रंगाऱ्याकडून भिंतीवर लिहून घेते. सोमवारी हिला किती वाजता आणतेस?

यांना फोन केला. रागावतील वाटलं होतं. सगळं ऐकून म्हणाले, बोटं आहेत ना सगळी? मोजून सांगितली. मग कसला तरी फुस्स आवाज आला. म्हणाले, ब्रेकचा आहे. ट्रक उभा होता म्हणे, पण असेल. म्हणाले, टेबल मी आल्यावर बदलतो, तू सोमवारी जा कामाला, भुंगा कुठे पळून जात नाही.

मुकादमबाईंना कळवलं. सौम्यपणे हो म्हटलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

मला स्वतःला काही नाही. मी कुठेही राहीन. प्रश्न ठकीचा आहे.

काकूंना सगळं समजावून आले. डाव्या कुशीवरच झोपवा. पंख्याखाली नको. दूध मनगटावर टाकून बघा. रडून रडून निळी पडली तर पाठीवरून हात फिरवा आणि मला लगेच फोन करा. काकू म्हणाल्या, निळी पडते का ती? म्हटलं, अजून नाही पडली. म्हणाल्या, बरं. एवढं सगळं सांगितलं, त्यावर नुसतं बरं.

माझा अंदाज असा. उद्या अकराच्या आत काकूंचाच फोन येणार, की बाई, हिला घेऊन जा, ही तुझ्याशिवाय राहत नाही. मग मुकादमबाई तरी काय करतील, सोडावंच लागेल. मग निवांत नवी पाटी, जाड फळीवर.

आईंना हा बेत सांगितला. त्या बटाटे सोलत होत्या, सोलतच राहिल्या. मग म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याला पहिल्यांदा शाळेत घातलं तेव्हा मी दिवसभर फाटकाशी उभी होते. तो खिडकीतून सारखा बाहेर बघायचा. मला वाटलं, मलाच शोधतोय. तो फुगेवाल्याला बघत होता.

यांचं वेगळं. यांना लहानपणापासून रस्त्याचीच ओढ.

१६ फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळ

सोडलं ठकीला. काकूंनी कडेवर घेतलं, म्हणाल्या, आईला टाटा कर. ठकी त्यांच्या चष्म्याची दोरी चघळत होती, तिला कसं जमणार. दार लागलं. रडली तर ऐकू यावं म्हणून मी वळणावर उभी राहिले. तिथून काही ऐकू आलं नाही. थोडं जवळ येऊन उभी राहिले. तिथूनही नाही.

लाँड्रीत उशिरा पोचले. मुकादमबाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि चादरींचा ढीग माझ्याकडे सरकवला. खिशात मोबाइल हलतोय असं सारखं वाटायचं. इस्त्री हलत होती. अकरा वाजून गेले. जेवणाची सुट्टी झाली. शेवटी मीच फोन केला. काकू म्हणाल्या, जेवली, झोपलीय. म्हटलं, खूप रडली का हो? म्हणाल्या, कोण?

संध्याकाळी धावत गेले. ठकी सतरंजीवर बसून एका मुलाचा मोजा चावत होती, तो तिचा चावत होता. मी उचललं. आणि मग जी रडली. काकूंकडे दोन्ही हात करून, पाय झाडत, लाल होऊन. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. एक आजोबा काठी टेकत जवळ आले आणि मला विचारलं, बाळ तुमचंच ना? म्हटलं, माझंच आहे. त्यांनी आमच्या दारापर्यंत सोबत केली.

आई वाटच बघत होत्या. म्हणाल्या, काय गं, रडली का?

म्हटलं, रडली हो. फार रडली.