तुझी गाडी घेऊन जातोय

धाकट्या,

तुला न विचारता तुझी गाडी नेतोय. बाबांना दवाखान्यात न्यायचंय आणि ते माझ्या गाडीत बसायला तयार नाहीत. म्हणाले, "धाकट्याची विजेची गाडी हादरत नाही, कंबर दुखत नाही." बावीस वर्षं इंजिनं दुरुस्त करतोय मी, आणि माझ्याच बापानं मला हे ऐकवावं.

परवा जेवताना मी म्हणालो होतो, तीन वर्षांत बॅटरी बसेल, मग रडशील. ते मी मनानंच ठोकून दिलं होतं. त्याआधीच रविवारी तू झोपलेला असताना मी गाडी खालून-वरून तपासली होती. खोट सापडावी असं फार वाटत होतं, पण सापडली नाही. ऑइल बदलायला नको, क्लच नाही, आणि चार्जिंगचा खर्च माझ्या पेट्रोलच्या पावपटही नाही. माझ्या पोटात दुखलं, म्हणून तसं बोललो. तुझ्या वहिनीसमोर तुझा पाणउतारा केला, ते चुकलंच.

बाबांना घरी सोडून मी शोरूमकडे जाणार आहे. तिथे या गाड्यांची दुरुस्ती शिकवतात म्हणे. वर्गात सगळी विशीतली पोरं असतील. बाबांना यातलं काही सांगू नकोस. नापास झालो, तर निदान तेवढं झाकलेलं राहील.

दादा