भडकू नये, एवढंच

अण्णा,

आई अजूनही शेजारणींना सांगते की आमची पोरगी न पेटणारं डिझेल बनवते. मी दर वेळी तिला दुरुस्त करते आणि दर वेळी मला तुम्ही दिसता, मनमाडच्या स्वयंपाकघरात, टँकर डेपोत लावून आलेले, शर्टाला डिझेलचा वास. मोठी झाल्यावर मी असं तेल करीन की तुमची गाडी कधी पेटणारच नाही, असं मी म्हणाले होते. तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "पेटलंच नाय, तर गाडी काय तू ढकलशील?" आई हसली आणि मी रुसून बाहेर जाऊन बसले.

पुढे चांदवडजवळ तुमच्या टँकरला मागून ट्रक धडकला. टाकी फुटून डिझेलचा फवारा उडाला आणि त्या फवाऱ्यानंच पेट घेतला. तुम्ही गेलात. मी शिकत राहिले, घरातली पहिली पदवीधर झाले. आता सातपूरच्या प्रयोगशाळेत आम्ही डिझेलमध्ये अगदी थोडं पॉलिमर मिसळतो. त्याचे लांबलचक रेणू डिझेलला धरून ठेवतात. मग धक्का बसला तरी त्याचं धुकं होत नाही, जड थेंब होऊन ते खाली पडतं. इंजिनात पेटावं, रस्त्यावर भडकू नये, एवढंच.

आज आमच्या कामाला पैसे देणारे पाहुणे आले होते. पुढचं काम चालणार की थांबणार, आणि माझी नोकरी टिकणार की नाही, हे त्यांच्यावर होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी ताजा नमुना फवाऱ्यासारखा ज्योतीवर उडवला. जरासा जाळ झाला आणि विझला. पाहुणे खूश झाले. पण डेपोत टँकर भरतानाच डिझेल पंपातून जातं, आणि पंपात आमचे रेणू तुटतात, मग त्याचं पुन्हा धुकं होतं. तसा, पंपातून काढलेला नमुना माझ्या हातात होता. सर माझ्याकडे न बघता पुटपुटले, "तो आज राहू दे." मी पाहुण्यांना म्हणाले, "टँकरमध्ये असतं ते हे," आणि तो उडवला.

ज्योतीसमोरची संरक्षक काच काळी झाली. मग सर मला एवढंच म्हणाले, सोमवारी केबिनमध्ये ये.

हे मी आईला वाचून दाखवणार नाही, कुणालाच नाही. चाचणीच्या निकालात मी 'मोठा भडका' असं लिहिलंय, आणि ते खरंच आहे. पण अण्णा, तो उडाला तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. मी फक्त आवाज ऐकला.