घरपट्टी उतरली त्या वर्षी

१२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नगराध्यक्ष झाल्यावरची पहिली सभा काल झाली. दिलेला शब्द पाळला. घरपट्टी चौथाईने उतरवली. टाळ्या थांबेनात! लेखापालांचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. म्हणाले, तिजोरीला भगदाड पडेल. मी म्हटलं, कर हलका झाला की धंदे वाढतील, वसुली आपोआप भरून निघेल. कर्ज काढून बाजाररस्ताही रुंद करतोय. तुझ्या बाळंतपणाच्या वॉर्डात सांग, हा माझा भाऊ!

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा टिल्लू

२ सप्टेंबर

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

नगराध्यक्षाला टिल्लू म्हटलेलं चालतं ना? वाचलेल्या पट्टीतून मी न्हाणीघराचं छप्पर बदललं, तेव्हा तुला नावं ठेवायला मला तोंड नाही. नवी गॅरेजंही आली. पण खर्चकपातीत तुम्ही आमच्या पालिका दवाखान्यातली नर्सांची भरती थांबवलीत. परवा एकीला जुळी होत होती आणि शेजारच्या खाटेवर दुसरीचा रक्तस्राव थांबेना. मी एकटी. दोघी वाचल्या, पण दर वेळी असं जमणार नाही. रस्ता छान झालाय हो.

जेवणाची आबाळ करू नकोस.
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दहा महिन्यांचा हिशेब आला. धंदे वाढले, खोटं नाही. पण सोडलेल्या कराचा जेमतेम तिसरा हिस्सा परत आला. वर रस्त्याच्या कर्जाचं व्याज. लेखापालांनी टोमणा न मारता कागद पुढे सरकवला, तेच जास्त लागलं. पक्ष म्हणतो, पट्टीला हात लावू नकोस, बाळंतपणाचा वॉर्ड बंद कर. तू काय म्हणतेस?

तुझा टिल्लू

२६ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

मला विचारतोस म्हणजे चोरालाच न्याय करायला सांगणं. माझी भाकरीच त्या वॉर्डात आहे. पट्टी वाढली तर मीही कुरकुरेन, पण भरेन. लोकांना काय ते सरळ सांग. त्यांना घर चालवता येतं, एवढं कळेल.

ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. तासभर शिव्या खाल्ल्या. सभेत एका मताच्या फरकाने जुनी पट्टी परत आली. नव्या धंद्यांची सवलत तेवढी ठेवली. तूट एका वर्षात मिटणार नाही, पण वाढायची थांबेल. पक्षाने माझं तिकीट कापलं. आता मी घरी सापडेन म्हणून तुझी भावजय खूश आहे, मी तोंड पाडून बसलोय.

सोमवारी तुमच्याकडे दोन नर्सा रुजू होतील. एक अगदी नवखी आहे, सांभाळून घे.

तुझा टिल्लू