किशोरीचा चाळिसावा वाढदिवस

मिठबाव
शुक्रवार, दुपार

प्रिय किशोरी,

तुझ्या भावाकडून कुडाळचा पत्ता घेतला आणि चार दिवस तो कागद पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवला. आज बसले आहे. फोन करता आला असता, पण फोनवर मी अर्ध्यात रडायला लागले असते आणि तूच माझी समजूत घालत बसली असतीस. ते तुझ्यावर आता लादायचं नाही. शेवटपर्यंत वाच, एवढंच मागते. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड.

तुमच्या अंगणातल्या हापूसला यंदा लवकर मोहोर आलाय. घरात दत्ताराम काका एकटेच असतात. समोरची शेवंती दोन वेळा भाकरी देऊन जाते, जाता जाता तुझी तुळसही शिंपते. दीपेशचा जामीन दुसऱ्यांदा नाकारला, हे तुला कळलंच असेल. अनुजाने शिलाईचं दुकान पुन्हा उघडलंय, पण कापड आता दुसरी मुलगी कापते. अनुजाच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वळत नाहीत. कात्री धरली की निसटते. मी पाहिलंय, ती निसटलेली कात्री उचलते आणि कोणी बघितलं नाही ना म्हणून आजूबाजूला पाहते.

तुला ती शनिवारची सकाळ आठवते का ग? सव्वीस जानेवारी सोमवारी आली होती, मध्ये पंचवीसला तुझा वाढदिवस. अनुजाच म्हणाली होती, "चाळीस वर्षां झाली बाये, एकदा तरी गावाभायर केक काप." आपण तिघी तिच्या गाडीतून पणजीला निघालो. तू घरी सांगितलं होतंस, कुडाळला भावाकडे जाते. ते खोटं मला माहीत होतं आणि मला ते आवडलं नव्हतं, हेही आज सांगते. दीपेश माझा चुलतभाऊ, दत्ताराम काकांचा मुलगा. त्याची आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता नि मी नऊची. त्याला कडेवर घेऊन मी शाळेत जायचे. त्याच्यासाठी तुझं स्थळही मीच आणलं. त्याच्याशी कोणी खोटं बोललं की मला ते माझ्याशी बोलल्यासारखं वाटायचं. पण इन्सुलीचा नाका मागे पडून गोवा लागला आणि तू खिडकीची काच खाली करून शाळकरी पोरीसारखी ओरडलीस, तेव्हा मलाही हसू आलं.

संध्याकाळी मांडवीच्या काठाने फिरताना तू बिनबाह्यांचा पिवळा ड्रेस घेतलास आणि दुकानातच घालून बाहेर आलीस. तुझ्या दंडावर तो डाग होता. चपटा, चार बोटं रुंद, वरून गोल. कुठल्याही बाईला दिसलं असतं की ते तापलेलं उलथनं आहे. अनुजाला दिसलं. मला दिसलं आणि मी बोटींकडे बघायला लागले. दोन वर्षांपूर्वी गणपतीत तुझं मनगट मोडलं तेव्हाही मी असंच केलं होतं. तू माहेरी निघून गेलीस आणि तुला समजावून परत आणायला मीच आले होते. "तो तापट आसा, पण मनान वायट नाय," हे माझे शब्द. तू माझ्या शब्दावर परत आलीस.

अनुजाने त्या संध्याकाळी तुझा फोटो काढला. मागे नदी, बोटींचे दिवे आणि तू पिवळ्या ड्रेसमध्ये. तो तिने स्टेटसला ठेवला. कोणालाही कळलं असतं की ही पणजी आहे.

रविवारचं मी पोलिसांना सांगितलं तसंच आधी लिहिते. साडेबारा झाले होते. जेवायला बाहेर जायचं म्हणून तू आरशासमोर केस विंचरत होतीस. अनुजा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. दार वाजलं. दार मी उघडलं. दीपेशच्या एका हातात केकचा खोका होता आणि खांद्याला पिशवी, पिशवीतून दोन शहाळी दिसत होती. तो माझ्याकडे बघून हसला. आत आला, खोका पलंगावर सरळ ठेवला, आणि तू आरशातूनच त्याला बघितलंस. तुझा हात फणीसकट केसांतच थांबला.

"कुडाळाक गेललंस ना गो? ह्या कुडाळ?"

तुझे ओले केस त्याने मनगटाला गुंडाळले आणि तुझं डोकं आरशावर आदळलं. पहिल्या वेळी काच तडकली. दुसऱ्या वेळी फुटली. तिसऱ्या वेळी मागच्या फळीवर हाड आपटल्याचा आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो, भांडी घासताना, नारळ फोडताना, कधीही. तू ओरडली नाहीस. अनुजा ओरडत आत आली आणि तिने प्लास्टिकची खुर्ची त्याच्या पाठीवर मारली. त्याने तुला सोडलं आणि शहाळ्यांच्या खालून कोयता काढला. अनुजाने हात वर केला. तिची दोन बोटं कातडीला लोंबकळताना मी बघितली. मग तो तुझ्याकडे वळला. पहिला घाव कानावर, दुसरा खांद्यात. तू खाली पडलीस ती त्याच्या पायांत, आणि पडल्या पडल्या त्याची पोटरी तू दातांत धरलीस. तो लाथा मारत होता आणि तू सोडत नव्हतीस. तुझं तोंड लाल झालं होतं, त्याचं रक्त की तुझं, कळत नव्हतं. अनुजाने एका हाताने पलंगावरची चादर ओढली आणि त्याच्या तोंडावर टाकली.

हे सगळं होईपर्यंत मी दाराच्या कडीला धरून उभी होते, किशोरी. मी एक पाऊलही पुढे आले नाही. मग कधीतरी माझ्या घशातून आवाज फुटला, हॉटेलातला आचारी आणि समोरच्या खोलीतले दोघे धावत आले, त्यांनी त्याला जमिनीवर दाबलं. पेपरात आलं की मैत्रिणीच्या आरडाओरड्यामुळे दोघींचे जीव वाचले. गावात बायकांनी माझे हात हातात घेतले. मी ते घेऊ दिले.

इस्पितळात तुला शुद्ध आली तेव्हा तू पहिलं विचारलंस, "तेका कोणी सांगल्यान?" अनुजाच्या हाताला बँडेज होतं. ती रडत म्हणाली, "माझ्या त्या फोटोन घात केल्यान गो." तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मी दोन्ही खाटांच्या मध्ये स्टुलावर बसले होते. तेव्हापासून तू तिच्याशी बोललेली नाहीस. तिने तुला फोन केले, तू घेतले नाहीस. नारळी पौर्णिमेला तुझ्या मुलीसाठी तिने डाव्या हाताने परकर शिवून पाठवला, तो परत आला. तिने तो माझ्यासमोर घडी घालून कपाटात ठेवला आणि म्हणाली, "बरोबरच आसा तिचा."

तिचं काही चुकलेलं नाही. फोटोवरून त्याला पणजी कळली. हॉटेल मी सांगितलं.

त्या रविवारी सकाळी साडेआठला, तुम्ही दोघी खाली चहाला गेला होतात तेव्हा, त्याचा फोन आला. आवाज अगदी मऊ. "ताई, फोटो बघलंय. माका राग नाय. चाळीस वर्षांची झाली ती, माका केक घेवन येऊचो आसा. खंयच्या हॉटेलात आसास?" मी हॉटेलचं नाव सांगितलं, मजला सांगितला, खोलीचा नंबर सांगितला. मला आनंद झाला होता ग, माझा भाऊ सुधारला म्हणून. फोन ठेवताना तो म्हणाला, "असो वाढदिवस करतलंय तिचो, की परत कधी वाढदिवस मागूची नाय." मी हसले. हसले खरी, पण ते वाक्य मी मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. त्यानंतर चार तास होते माझ्याकडे. तुला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी मनाशी म्हटलं, उगाच तिचा दिवस कशाला नासवा, आणि तुझ्यासाठी चाफ्याची वेणी आणायला बाजारात गेले. त्याच दुपारी, इस्पितळाच्या संडासात, मी तो कॉल फोनमधून पुसून टाकला.

येत्या मंगळवारी पणजीच्या कोर्टात माझी साक्ष आहे. दीपेशचा वकील म्हणणार, नवरा फोटो बघून, हॉटेलं शोधत केक घेऊन आला, कोयता शहाळी सोलायला होता, बोलाचालीत तोल गेला. काका मागच्या आठवड्यात ओटीवर येऊन बसले. म्हणाले, "तू गप रव. तोपण तुझा नाव घेवचो नाय. घरातला घरात ऱ्हवांदे." तेव्हा मला कळलं की माझं गप्प राहणं हेच त्याला वाचवणार आहे. तो ठरवून आला होता, हे त्याने फक्त एका माणसाला सांगितलं होतं आणि ते माणूस मी.

परवा मी दुकानात जाऊन अनुजाला सगळं सांगितलं. तिने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं. ती एवढंच म्हणाली, "अकरा महिने ताई? अकरा महिने?" मी पायरी उतरत होते तेव्हा मागून बोलली, "कोर्टात उभी ऱ्हवच्या आधी किशोरीक लिही. तिका तुझ्या तोंडसून कळांदे, वकिलाच्या नको." म्हणून हे पत्र. मंगळवारी मी सगळं सांगणार आहे, त्याचं ते वाक्य आणि माझं हसणंसुद्धा. मग माझं काय व्हायचं ते होईल. माफी मागत नाही, ती मागायची माझी लायकी नाही. पण तू अनुजाला फोन कर. आजच कर. तिने तुझ्यासाठी हात पुढे केला आणि वर्षभर माझी शिक्षाही तीच भोगते आहे.

तू नाव टाकलंस तरी तुझीच,
भक्तीताई