निळा खडा पडत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. शास्त्रशुद्ध निरीक्षणासाठी. फोनवरच्या ‘रत्नमहाल’ गेमची लेव्हल ४१६ अजून अडलेलीच. दोष माझा नाही. शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत अकरा वर्षं क्वालिटी तपासणीत काढली, एका नजरेत मला माल कळतो. कदर नव्हती म्हणून सोडली. पण वरून कोणते खडे पडणार हे गेम ठरवतो आणि तो माझ्यावर खार खाऊन आहे. निळे हवेत तर लाल. लाल हवेत तर निळ्यांची रास.
संकल्प: दिवसाला फक्त एक तास. नव्या नोकरीसाठी बायोडेटा उद्या.

४ नोव्हेंबर, मंगळवार
दुपारी नळाला पाणी. आमच्या गल्लीत ते आठवड्यानं येतं, आणि कधी येईल ते सांगता येत नाही. बायको, मंजुषा, तिचे जेवणाचे डबे पोचवत फिरत असते, म्हणून मोटर लावून वरची टाकी भरायचं काम माझ्याकडं. घरात एवढं एकच खातं तुमच्याकडं, असं ती म्हणते. गमतीत.
मोटर लावायला उठलो आणि उठता उठता एक खडा सरकवला. धडाधड सगळा बोर्ड फुटला! ४१६ पार!
योगायोग? छे. नळ आला की लोक फोन टाकून पाणी भरायला धावतात. सर्व्हरवरचा लोड कमी होतो. मोकळा झालेला सर्व्हर सढळ हातानं खडे सोडतो. हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.
बायोडेटा उद्या.

७ नोव्हेंबर
४१७. तीस निळे हवेत, बावीस चालींत. निळा पडतच नाही. पाचही लाइफ गेल्या.
फुलंब्रीहून आकाश आला होता, मंजुषाचा भाऊ. तोही हाच गेम खेळतो. सहज विचारलं. म्हणाला, भाऊजी, ती तर मी पैठणच्या एसटीत शेंगा खाता खाता काढली, पहिल्या झटक्यात. अवघड होती व्हय ती?
अवघड होती व्हय! दहावीला दोनदा बसलेला माणूस. याला म्हणतात निव्वळ नशीब. मी जिंकतो ते निरीक्षणानं. आणि जेवताना सगळा आग्रह त्यालाच.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी नळ. आधी मोटर लावली, मग खेळायला बसलो. दोन निळे कमी पडले.
चूक सापडली. जिन्याखाली जाऊन मोटर लावून येईपर्यंत सर्व्हरची मोकळी मिनिटं निघून जातात. पुढच्या वेळी आधी गेम, मग मोटर. पाणी काय, तासभर असतंच.
मंजुषाला मोठी ऑर्डर मिळाली. एकवीस तारखेला गल्लीतल्या सोनियाच्या बाळाचं बारसं, साठ माणसांचं जेवण. आजवर ती नुसते डबे देत आली. हे जमलं तर पुढं कार्यातली कामं मिळतील, बिघडलं तर गल्लीत नाव जाईल, असं तिनं दोनदा सांगितलं. त्याआधी पाणी येईल तेव्हा टाकी काठोकाठ भरा, बाकी काही करू नका, म्हणाली.
‘बाकी काही करू नका’ हे मला लागलं.

१७ नोव्हेंबर
बायोडेटाचा फॉन्ट ठरवला. हेडिंग निळ्या रंगात. निळा तिथं तरी मिळाला.

२० नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी ३
आला! नळ आला! मंजुषा भाजी आणायला गेली आहे. लाइफ पाचही शिल्लक, फोन फुल चार्ज. आधी गेम.

३.२०
लाल, लाल, पिवळा. एक लाइफ गेली.

३.५०
हरामखोर गेम. एक निळा! फक्त एक निळा कमी! शेजारच्या सुरेखावहिनी कंपाउंडवरून ओरडताहेत, गोकुळभाऊ, पाणी जाईल की, मोटर लावा ना. लावतो म्हणालो. लोकांना दुसऱ्याची एकाग्रता बघवत नाही.

४.३०
मोटर लावली. नुसती घरघर. आज पाणी लवकर गेलं.

संध्याकाळ
मंजुषा आली. गच्चीवर जाऊन टाकीत वाकून पाहिलं, खाली येऊन माझ्या हातातल्या फोनकडं पाहिलं. तिला सर्व्हरचं शांतपणे समजावून सांगितलं. पाणी लवकर गेलं त्याला मी काय करणार, हेही सांगितलं. उद्या साठ माणसं आहेत, एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. वांग्यांची पिशवी तशीच ओट्यावर ठेवून तिनं आकाशला फोन लावला.

२१ नोव्हेंबर
आकाश पहाटेच पिकअप घेऊन हजर. मागं विहिरीच्या पाण्याचे ड्रम, पुढं सासूबाई. मी ड्रम उतरवायला गेलो तर म्हणाला, राहू द्या भाऊजी, तुमच्यानं नाय व्हायचं. सासूबाई म्हणाल्या, गोकुळराव, तुम्ही तिकडं खुर्चीवर बसा बरं, इथं लई पसारा हाय.
जेवण उत्तम झालं. भरली वांगी लोकांनी मागून मागून घेतली. सोनियाच्या सासरच्यांनी तिथंच साखरपुड्याची ऑर्डर दिली. म्हणजे शेवटी सगळं नीटच झालं. मग काल एवढं तोंड पाडायचं कारण काय? हे मंजुषाला विचारलं. तिनं ऐकलं नसावं.
खुर्चीवर बसून पाच लाइफ खेळलो. निळा नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी अभय इलेक्ट्रिशियन आला. मोटरजवळ एक छोटी पेटी बसवली. नळाला पाणी आलं की मोटर आपोआप सुरू, टाकी भरली की आपोआप बंद. मी म्हणालो, हिची गरज काय? मंजुषा अभयला म्हणाली, नीट बसवा हो दादा, घरी कुणी नसतं.
मी तिथंच होतो. त्याचं स्टूल धरून.

दुपार
४१७ उघडली. खडे पडायच्या आधीच स्क्रीनवर एक चौकट आली. ही लेव्हल तुम्हाला अवघड जाते आहे. न खेळता पुढं जायचं का?
आकाशला ही चौकट कधी आली नसणार.
तेवढ्यात नळ आला. सवयीनं उठलो. जिन्यापर्यंत पोचायच्या आत मोटर सुरू झालेली होती. परत येऊन बसलो. वर टाकीत पाणी पडत होतं. मला कुणी हाक मारली नाही. वाईट वाटलं.
‘हो’ दाबलं.