लीड्सच्या सिंकपाशी

निशी-कसाई, जपान

प्रिय सुशील,

आपलं इंग्लंडला जायचं ठरलं तेव्हा तुझा दक्षिणेचाच हट्ट होता. उत्तरेत नुसती थंडी आणि पाऊस, म्हणायचास. घर बघायला तू पुढे गेलास आणि महिन्याभरात उत्तरेतल्याच लीड्सचं गुणगान सुरू झालं. घरं ऐसपैस, माणसं ओळख नसताना बोलतात. मला पटलंही.

पण आज व्हिडिओ कॉलवर तुझ्या सिंकपाशी रिकाम्या बाटल्या दिसल्या. धुतलेल्या, लेबलं सोललेली, झाकणं वेगळी, अगदी इथल्या कचऱ्याच्या नियमाप्रमाणे. इथे इतकी वर्षं ते मीच करत आले, तू एक लेबल सोललं नाहीस. मग तिथे जपानची सवय असलेलं कोण आहे?

हे पाठवणार नाही. फोनवर एवढंच म्हणेन, दक्षिणेतच राहू, घर इथल्याएवढंच लहान मिळालं तरी.

तुझी,
देवयानी